खालचं माझं, वरचं तुझं

अनसामाय,

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले, आणि उपकेंद्राच्या खिडकीबाहेरचा तुझा डबा अजून कोणी उचललेला नाही. रंगाचा तो मोठा रिकामा डबा, उपडा घातलेला, वर पोत्याची घडी. काल झाडायला आलेल्या बाईनं तो बाजूला सारायला हात लावला, तर मी आतून अशी ओरडले की तिच्या हातातला झाडू खाली पडला. “सिस्टर, डबाच हाय ना? देव थोडीच हाय!” ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मागून उचलू. मागून म्हणजे कधी, ते मलाही माहीत नाही.

गावात सध्या तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून राहिले आहेत लोक, की ऐकलं असतंस तर तूच विचारलं असतंस, हे कोणाबद्दल सुरू आहे म्हणून. शोकसभेत एक जण उभे राहून म्हणाले, “अनसाबाई अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या.” तू! शांत! तलावाच्या या काठावरून तू हाक मारलीस की पलीकडच्या काठावरची ढोरं मान वर करायची. मला हसू आवरेना. खिशातून मास्क काढला, तोंडावर चढवला आणि डोळे पुसत बसले. शेजारची बाई म्हणाली, सिस्टरला फार लागलं. लागलंच होतं, पण त्या घडीला मी हसत होते. मास्कचा एवढा तरी उपयोग आहे, हे तू आता मान्य कर.

करणार नाहीस. मला माहीत आहे.

या गावात मी नर्स म्हणून आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. वर्ध्याकडची, नव्या नोकरीची, डोक्यात सगळे नियम ताजे. पहिल्याच आठवड्यात तू उपकेंद्रात आलीस, माझी तपासणी करायला. समोरच्या बाकावर बसलीस, पाय वर घेतलेस आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस.

“तुले लेकरं किती?”

“नाहीत.”

“लगन?”

“नाही झालं अजून.”

“मंग तुले बाळंतपणातलं काय समजते?”

मी तुला सांगितलं की मी त्याचं शिक्षण घेतलं आहे, आणि यापुढे घरी बाळंतपण करायचं नाही, सगळ्या बायांना इथं आणायचं. तू म्हणालीस की तूही शिकलेली आहेस. दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन आलीस. सरकारनं कधीकाळी तुला दाईचं प्रशिक्षण दिलं होतं, त्याची ती ॲल्युमिनियमची पेटी. मी मोठ्या आदरानं झाकण उघडलं. आत खर्र्याच्या पाच पुड्या, चुना आणि एक आरसा. सुपारी-तंबाखूच्या वासानं मला ठसका लागला आणि तू पोट धरून हसलीस.

मला वाटलं होतं तू माझ्याशी वैर धरशील. तू केलंस भलतंच. पुढच्याच बाळंतपणाला त्या बाईला तू स्वतः हाताला धरून उपकेंद्रात घेऊन आलीस, तिला खाटेवर निजवलंस आणि मी तुला बाहेर जा म्हणायच्या आत तिच्या उशाशी स्टूल ओढून बसलीस. “भांडू नको पोरी. खालचं तू पाह्य, वरचं मी पाह्यतो.” तेव्हापासून आपली वाटणी ठरली. खालचं माझं, वरचं तुझं. पुढं कित्येक वर्षं या खोलीत आपण दोघींनी त्याच वाटणीनं संसार केला असं म्हटलं तरी चालेल.

वरचं म्हणजे काय, हे कळायला मला बरेच दिवस लागले. मला वाटायचं तू नुसती धीर देतेस. मग एकदा नीट पाहिलं. तू बाईच्या तोंडासमोर आपलं तोंड नेऊन ठेवायचीस, अगदी वीतभर अंतरावर, आणि बोलायची नाहीस. नुसता श्वास घ्यायचीस. ओठ किंचित उघडून, सावकाश, पेजेचा घोट घ्यावा तसा. मग खालचा ओठ थोडा पुढं काढून सोडायचीस, चूल फुंकावी तसा, पण हळू. समोरची बाई आधी रडायची, तुला शिव्या द्यायची, नवऱ्याला द्यायची. हळूहळू तिची नजर तुझ्या तोंडावर खिळायची. थोड्या वेळानं दोघींची छाती एकदमच वरखाली व्हायला लागायची, आणि खाली माझं काम निम्मं होऊन जायचं.

हे तू कोणत्या बाळंतपणात शिकलीस, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, तलावात. तुमचं घर ढिवरांचं. तुझ्या बापाचं जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकलं की बुडी मारायला तुला पाठवायचे, कारण घरात सगळ्यात जास्त दम तुझा. “जाळं वढायचं नाई. वढलं का फाटते. खाली जायचं, दम सोडत सोडत एकेक गाठ काढायची. घाबरली का दम सरला.” आणि मग माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणालीस, “लेकरू बी तसंच. तुमी डाक्टर लोक लय वढता.”

नंतर कोरोनाचं ते वर्ष आलं. गावानं दोन्ही रस्त्यांवर बांबू आणि काट्या टाकल्या. मोहफुलं वेचायलासुद्धा बाया एकमेकींपासून झाड सोडून वेचत होत्या. आणि आपलं भांडण सुरू झालं, मास्कवरून.

तुला मास्क खर्र्यामुळे नको आहे, असा माझा आरोप होता. तो निम्मा खरा होता, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. पण तुझं म्हणणं वेगळंच होतं. बाईला तोंड दिसलं पाहिजे. तोंड दिसलं नाही तर ती श्वास कुठून घेईल? मी म्हणायचे, नाकातून. तू म्हणायचीस, “तू येडी हायेस.”

एप्रिलात शारदा आणि दिवाकर परतले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली गावातली ती जोडी, काम थांबलं म्हणून अर्धा रस्ता चालत, अर्धा कुणाच्या तरी टेम्पोत. गावानं त्यांना काट्यांच्या अलीकडे येऊ दिलं, पण घरी नाही. शाळेत. चौदा दिवस. शारदा बावीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा लागलेला. तिची सासू रोज डबा आणून शाळेच्या फाटकात ठेवायची आणि दहा पावलं मागं जाऊन उभी राहायची. मी दुरून तब्येत विचारायचे. आणि तू, सगळ्यांनी नको म्हटलं तरी, फाटकाबाहेरच्या मोहाखाली बसून रोज तिच्याशी गप्पा मारायचीस. मी तुला दोनदा हाकललं. तू तिसऱ्यांदा येऊन बसलीस.

तिला दिवस भरायच्या आधी तालुक्याला हलवायचं, असं मी ठरवलं होतं. गाडीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. पण तिला आठ दिवस आधीच कळा सुरू झाल्या, सकाळी नऊ वाजता. गाडी दुसरा पेशंट घेऊन चंद्रपूरला गेली होती आणि परतायला दुपार होणार होती. शारदाला एवढा वेळ नव्हता, हे मला पहिल्या तपासणीतच कळलं.

तपासणीही सहज झाली नाही. आपल्याकडे तो पांढरा कोट एकच होता, डोक्यापासून पायापर्यंतचा, चष्मा आणि मास्कसकट. तो घालून मी चौथीच्या वर्गात शिरले आणि शारदा किंचाळून भिंतीला जाऊन भिडली. “मी नाई जात! मले नेऊ नका!” येताना वाटेत तिनं ऐकलं होतं की पांढरे कपडेवाले माणसाला घेऊन जातात आणि मग तो माणूस परत येत नाही. मी ओरडले, शारदा, मी सिस्टर, मी आहे! मास्कमधून माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. चष्म्यातून घाम वाहून राहिला होता. कशीबशी तिला सतरंजीवर घेतलं, पण ती श्वास धरून बसली. हातपाय आवळून, डोळे मिटून. मी पोटावर यंत्र लावलं. बाळाचे ठोके कळेगणिक मंद होत होते आणि पुन्हा वर यायला दर वेळी जास्त वेळ घेत होते.

त्या घडीला मला फक्त ते ठोके ऐकू येत होते. तू दारात कधी आलीस, कळलं नाही.

पदर नाकावर धरून उभी होतीस. “मी येतो आत,” म्हणालीस. अडुसष्ट वर्षांचं तुझं वय, थंडीभर खोकत होतीस. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले नाही. स्वतःच्या हातानं तुझ्या तोंडावर मास्क बांधला आणि बजावलं, हा काढायचा नाही. “नाई काढत,” तू म्हणालीस. इतकी गरीब होऊन, की मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

तू तिच्यासमोर बसलीस. श्वास घेतलास. मास्क बेडकाच्या गळ्यासारखा आत-बाहेर होत राहिला. शारदा तुझ्या डोळ्यांकडे पाहत होती, घाबरलेली, काहीच न कळणारी. एक कळ गेली. दुसरी गेली. ठोके आणखी उतरले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि एका बोटानं तू मास्क हनुवटीखाली ओढलास.

“शारदे. माह्याकडे पाह्य. हे तोंड वळखतेस का नाई?”

“माय!” ती म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज माणसासारखा आला.

मी ओरडले, “मास्क!”

तू मानसुद्धा वळवली नाहीस. “तू खालचं पाह्य.”

मी खालचं पाहिलं. वर तुमच्या दोघींचा श्वास सुरू होता, एक खर्र्यानं लाल झालेलं तोंड आणि एक पांढरं फटक पडलेलं, वीतभर अंतरावर. ठोके सावरत गेले. मग मुलगी झाली. काही क्षण रडलीच नाही; मी तिला पुसलं, पाठ चोळली, आणि मग अशी रडली की फाटकाबाहेर सासूनं डबा टाकून दिला. दिवाकर व्हरांड्यात बसून हमसून हमसून रडत होता. तू त्याला म्हणालीस, “तुले काय झालं? तुनं काय केलं?” सगळे हसले. मी हसले नाही. मी तुझ्या हनुवटीखालच्या त्या मास्ककडे पाहत होते.

दुपारी गाडी आली, मायलेकींना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की शारदाला कोरोना आहे. बाळाला नव्हता. पुढं दोघी धडधाकट घरी आल्या.

तुझं कसं कळलं, ते मात्र सगळ्या गावाला अजून तोंडपाठ आहे. सहाव्या दिवशी तू तव्यावर सुके झिंगे भाजत होतीस. झिंगे जळले, कोळसा झाले, धुरानं तुमची ढिवरांची टोली भरली, लोक नाक धरून घराबाहेर पळाले, आणि तू चुलीसमोर बसून हलवतच होतीस. शेजारणीनं ओरडून विचारलं तर म्हणालीस, “काऊन? आताच तं टाकले.” झिंग्यांचा वास येत नाही म्हणजे अनसामायला झालाच, एवढं निदान करायला कोणाला प्रयोगशाळा लागली नाही.

तुला चंद्रपूरला नेलं. ते चौदा दिवस मी कसे काढले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. रोज सकाळी मी त्या चौथीच्या वर्गावरून जायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या घालायचे. मग स्वतःला घालायचे. मीच तुला आत घेतलं होतं. तू मेली असतीस तर मी ही नोकरी करू शकले नसते, माय. आणि तू मास्क काढला नसतास तर ती मुलगी वाचली असती की नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला आजवर त्यांची जुळणी करता आलेली नाही.

दहाव्या दिवशी तिथल्या एका नर्सचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, तुमची म्हातारी अख्ख्या वॉर्डाला श्वास घ्यायला शिकवून राहिली आहे. आजूबाजूचे पेशंट तिचं ऐकतात, आमचं ऐकत नाहीत. आणि तिला मासोळी पाहिजे आहे. तिला जरा समजवा.” मी फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तू परत आलीस ती गाडीतून नव्या नवरीसारखी उतरलीस. सगळी टोली रस्त्यावर. आणि उतरल्या उतरल्या मला पाहून तू काय म्हणालीस? नमस्कार नाही, चमत्कार नाही. “चौदा दिवस एक तोंड नाई पाह्यलं मी. सगळे मेले पांढरे. कोण रागावते, कोण हासते, काई समजे ना. आता सांग, कोनाचं खरं?”

माझा बांध फुटला. चार लोकांसमोर मी तुला वाट्टेल ते बोलले. मेली असतीस, दहा घरी रोग दिला असतास, शब्द दिलास आणि मोडलास. आणि शेवटी म्हणाले, “मी सांगेपर्यंत बाळंतपणाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

तू म्हणालीस, “बरं. तू सांगशीन तवा.”

हा तुझा शब्द मात्र तू मोडला नाहीस.

त्यानंतरच्या पहिल्या बाळंतपणाला मी एकटी होते. बाया पांढऱ्या कोटाला घाबरतात म्हणून मी एक युक्ती काढली होती. माझा पासपोर्ट साइजचा फोटो चिकटपट्टीनं छातीवर लावला होता. खाटेवरची बाई त्याकडे पाहून आणखीच रडायला लागली, कारण त्या फोटोत मी दरोड्यातल्या आरोपीसारखी दिसते. इतक्यात खिडकीवर टकटक झाली. काचेपलीकडे तू. नाक काचेला टेकलेलं.

“फोटू श्वास घेते का?” तू बाहेरून ओरडलीस. “खाट इकडे सरकव!”

मी खाट सरकवली. काय करणार होते! तू कुठून तरी तो रंगाचा डबा आणलास, उपडा घातलास आणि त्यावर बसून काचेला तोंड लावलंस. काच बंद. तोंड उघडं. तुझ्या श्वासानं काचेवर वाफ धरायची, तू ती पदरानं पुसायचीस, पुन्हा धरायची. आतली बाई ती वाफ येता-जाता पाहून श्वास घ्यायला लागली. वाफ आली की सोड, गेली की घे. मूल झाल्यावर तू काचेवर बोटानं टिचकी मारलीस आणि म्हणालीस, “काच तुही, तोंड माह्यं. झालं समाधान?”

झालं होतं. मनापासून झालं होतं. त्या साथीत कित्येक मुलं अशी त्या काचेतून झाली आणि तुला पुन्हा साधा तापही आला नाही. माझ्या वरिष्ठ मॅडम पाहणीला आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं की खाट भिंतीच्या मधोमध सोडून खिडकीला का लावली आहे. मी म्हटलं, हवेसाठी. त्या म्हणाल्या, पण खिडकी तर बंद आहे. मी म्हटलं, हो. तू बाहेर डब्यावर बसून खर्रा चघळत होतीस, इतका निष्पाप चेहरा करून की मला मॅडमसमोर गाल चावावा लागला.

मग ते सगळं ओसरलं. काट्या निघाल्या, शाळा भरली, पांढरा कोट कपाटात गेला. आणि तू बाहेरच बसत राहिलीस.

आधी मला वाटलं, तुला तिथंच बरं वाटतं, मोकळी हवा आहे, थुंकता येतं. मग वाटलं, येईल तिला वाटेल तेव्हा, कोण अडवतं आहे. तू येत नव्हतीस. मी बोलावत नव्हते. गेल्या दोन वर्षांत तुझे गुडघे गेले, तर शारदा तुझा हात धरून तुला डब्यापर्यंत आणायची, आणि बाळंतपण होईपर्यंत शेजारी उकिडवी बसून राहायची. तरी तू दाराकडे वळली नाहीस. दार डब्यापासून सहा पावलांवर होतं.

मागच्या श्रावणातली ती सर तुला आठवते? शारदानं तुझ्यावर छत्री धरली होती आणि ती वाऱ्यानं उलटी होत होती. मी खिडकी थोडी उघडून म्हटलं, “माय, ओली होशील.”

तू म्हणालीस, “मंग?”

आणि थांबलीस. माझ्याकडे पाहत राहिलीस. डोळ्यांत ती तुझी खोडकर चमक होती, पण तू वाट पाहत होतीस, हे मला कळलं होतं. देवाशपथ कळलं होतं. दोनच शब्द होते. आणि मी, तुझ्याइतकीच हट्टी, म्हणाले, “शारदा, छत्री नीट धर.”

खिडकी लावली.

त्या दिवशी म्हणाले नाही, तर पुढच्या वेळी म्हणू असं वाटलं. पुढच्या वेळी घाई होती. त्याच्या पुढच्या वेळी तू हसत होतीस, म्हणून वाटलं की तिला काही वाटत नसेल. माझ्या रागाची मुदत कधीच संपली होती, माय. ती संपल्याचं तुला सांगायचं तेवढं राहून गेलं.

तू गेलीस तीही तुझ्या पद्धतीनं. दुपारी मासोळ्या साफ केल्यास, जेवलीस, खाटेवर आडवी झालीस आणि दम सोडत सोडत खाली गेलीस. कोणाला तुला ओढावं लागलं नाही. अंगणात इतकी पोरं जमली होती, की भटजीबुवांनी विचारलं, शाळेला सुट्टी आहे का. त्यातली अर्धी काचेतून आलेली. नेताना कोणीतरी रीतीप्रमाणे तुझ्या तोंडावर कापड ओढायला गेलं, तर शारदानं त्याचा हात धरला. “मायचं तोंड झाकू नका.” वाद तिथंही तूच जिंकलीस.

आता परवाची गोष्ट सांगते, त्यासाठीच लिहायला बसले आहे.

परवा सकाळी शारदा आपल्या जावेला घेऊन आली, प्रतिभाला. पहिलं बाळंतपण. तू गेल्यानंतरचं उपकेंद्रातलंही पहिलंच. शारदानं तिला खाटेवर निजवलं, खाट सवयीनं खिडकीला सरकवली आणि बाहेर निघून गेली. मला वाटलं, सासूला निरोप द्यायला गेली असेल. मी हात धुऊन वळले तर काचेपलीकडे शारदा. तुझ्या डब्यावर बसलेली. तोंड काचेला लावून. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ही रीतच होती. वरचं पाहणारी बाई बाहेर बसते, मधे काच असते, बाळंतपणं अशीच होतात.

प्रतिभा काचेकडे पाहत होती आणि काचेवर वाफ येत-जात होती.

माझे दोन्ही हात गुंतलेले. मी म्हटलं, “शारदा, आत ये.”

तिला ऐकू गेलं नाही. काच बंद होती, ती प्रतिभावर डोळे लावून श्वास घेत होती.

“आत ये,” मी पुन्हा म्हणाले. तरी नाही.

तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की प्रतिभाची कळसुद्धा क्षणभर थांबली असेल. शारदा घाबरून धावत आली. दारात चपला काढल्या आणि उंबऱ्यावरच उभी राहिली. पाय आत टाकेना.

“काय चुकलं का, सिस्टर? तुमीनं मायले तं कदी आत बलावलं नाई.”

ती टोचून बोलत नव्हती. ती नुसती विचारत होती.

“ये,” मी म्हटलं. “बस इथं.”

कोपऱ्यातलं तुझं जुनं स्टूल तिनं ओढलं, प्रतिभाच्या तोंडासमोर तोंड नेलं, वीतभर अंतरावर, आणि ओठ किंचित उघडून श्वास घेतला. सोडताना खालचा ओठ थोडा पुढं काढला. अगदी तस्सा. खर्रा तेवढा नव्हता. माझ्या डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरत होतं आणि शारदा मान न वळवता म्हणाली, “सिस्टर, तुमी खालचं पाह्या.”

पाहिलं. मुलगा झाला. झाल्या झाल्या रडला, आणि बाहेर शारदाची मुलगी, तीच चौथीच्या वर्गातली, तुझ्या डब्यावर उभी राहून काचेतून आत डोकावत होती.

मास्क मी काढला नाही, हे नोंदवून ठेव. तो वाद संपलेला नाही आणि मी हार मानलेली नाही. डबाही तिथंच राहील. पण ते दोन शब्द मी परवा तीनदा म्हणाले, माय. तिसऱ्यांदाचे शारदाला ऐकू गेले. पहिले दोन तुझे.